ऊन समोर ठेवून

आबा, आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते. तुम्ही बरोबर होता आणि मी चुकले होते. हे वाक्य मी आजवर फार थोड्या माणसांना म्हटलं आहे. माझ्या आईला विचारलंत तर तीही हेच सांगेल. तुम्हाला ते जिवंतपणी ऐकवायला हवं होतं. मागच्या जूनपासून आपण बोललो नाही. मला सगळा वेळ वाटत राहिलं की चैत्र लागला, सरडे बाहेर पडले, की मी येईनच, तुम्ही बांधावर बसलेले असालच, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करू. चैत्र लागला. मीही आले. तुम्ही मात्र नव्हता.

परवा तुम्हाला जाऊन महिना होईल. गावच्या स्टँडवर तुमचा फ्लेक्स अजून आहे. आयुष्यात तुम्ही कधी कोट घातला नाहीत, फोटोत मात्र तुम्हाला कोट चढवला आहे आणि मागे हिमालयासारखं काहीतरी आहे. खाली ‘निसर्गप्रेमी’ असं छापलं आहे. तुम्ही असता तर कोटाची बटणं मोजली असती आणि विचारलं असतं की हा कोण पाहुणा. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून मी शेजारच्या रसवंतीत जाऊन बसले.

आपली ओळख झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. भडगावच्या पुढे गिरणा नदी जिथे वळते, तिथे तुमच्या गावाला लागून तो वाळूचा मोठा उघडा पट्टा आहे. मी धुळ्याहून आलेली, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, डोक्यावर मोठी टोपी, हातात पांढरी दोरी, पिशवीत खुंट्या. वाळूत दोरी ताणून सरळ रेघ आखत होते. तुम्ही बांधावर विडी विझवलीत आणि खाली न उतरताच ओरडून विचारलंत, “मॅडम, जमीन मोजाले उनात का?”

मी जमीन मोजायला आले असं वाटून तुमच्या आवाजात भीती होती, हे मला नंतर कळलं. गावात दोरी घेऊन परकं माणूस आलं की काहीतरी जाणार, हे तुम्ही उभ्या आयुष्यात पाहिलं होतंत. मी म्हटलं, “जमीन नाही, सरडे मोजायचेत.” तुम्ही इतके हसलात, की खोकला लागला. खोकता खोकता म्हणालात, “सरडासले बी सातबारा लागस का?”

त्या दिवसापासून तीन उन्हाळे मी भडगावला खोली घेऊन राहिले आणि तुम्ही माझे वाटाडे झालात. तुम्हाला कोणी नेमलं नव्हतं. सकाळी मी पोहोचायच्या आत तुम्ही बांधावर हजर असायचात. तुमच्या मंडळींनी, अक्कांनी, दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा तुमच्या धोतराच्या सोग्यात बांधलेला असायचा आणि त्यात माझा वाटा धरलेला असायचा. माझी आई सावद्याहून फोनवर विचारायची, “घरी केयीच्या बागात कमी सरडे हायेत का, ते तू तिकडं उन्हात मराले गेली?” तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही आईचीच बाजू घेतलीत. केळीच्या गार ओलाव्यात वाढलेली पोरगी वाळूत काय दिवे लावणार, असं तुमचं मत होतं आणि ते तुम्ही कधी लपवलं नाही.

आपला सरडा लहानसा, वीतभराचा, तोही शेपटी धरून. मातीच्या रंगाचा, जमिनीला चिकटून असणारा. पण उन्हाळ्यात नर दगडावर चढतो, पुढच्या पायांवर उठतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा पंखा आणि खाली केशरी कड. क्षणात उघडतो, क्षणात मिटतो. तुम्ही त्याला ‘पंख्या’ म्हणायचात, मग मीही म्हणायला लागले. वर्गात एकदा तोंडातून तेच निघून गेलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्याला पकडून शेपटी मोजायला मी काठीच्या टोकाला नायलॉनचा बारीक फास बांधत असे, ते तुम्हाला अजिबात पटायचं नाही. “ही फाशी कोनी शिकाडी तुले?” असं म्हणून तुम्ही पाठ फिरवायचात आणि मी त्याला सोडल्यावरच इकडे बघायचात.

पण आपलं खरं भांडण फासावरून नव्हतं. ते चालण्यावरून होतं.

माझी रेघ पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला, म्हणजे गावाकडून सुरू व्हायची आणि पश्चिमेला बाभळींपाशी संपायची. रोज सकाळी तिच्यावरून एकदा चालायचं, डावी-उजवीकडे दिसतील ते सरडे लिहायचे. सूर्य पाठीमागे ठेवायचा, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि पुढचं नीट दिसतं. हे मला माझ्या सरांनी शिकवलं, सरांना त्यांच्या सरांनी. पहिल्याच दिवशी तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, “सूर्याले पाठ दीसन रेतीमा चालानं नही, माय.”

मी विचारलं, का नाही. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे नाही चालत. बस, एवढंच. तुमचा बाप चालत नव्हता, आजा चालत नव्हता. तुमच्या तरुणपणी नदीच्या वाळूत टरबुजा-खरबुजाच्या वाड्या असायच्या, त्या सगळ्या वाडीवाल्यांमध्ये सकाळी कोणी सूर्याला पाठ देऊन वाळूत उतरत नसे. मी हात जोडून म्हटलं, “आबा, तुमच्या देवाला माझा नमस्कार सांगा, पण मला कामाला जाऊ द्या.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काही बोलला नाहीत. तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं. पण तुम्हीही काही कमी अडेल नव्हता. ज्याला ऐकून घ्यायची अक्कल नाही त्याला सांगून काय उपयोग, असा तुमचा हिशेब.

मग तीन उन्हाळे हेच चाललं. मी सूर्य पाठीशी घेऊन रेघेवरून बाभळींकडे जायची. तुम्ही वाळूत न उतरता बांधाने वळसा घालून पलीकडच्या टोकाला पोहोचायचात. माझं मोजून झालं की मी बांधावरच्या पायवाटेने परत फिरायची आणि तुम्ही तिथून वाळूत उतरून, उन्हाकडे तोंड करून, एकटे गावाकडे यायचात. तुमची चाल सावकाश. मधेच थांबायचात, खाली वाकून खडा उचलायचात, बंडीच्या खिशात टाकायचात. भाकरीला बसलो की खिसा माझ्या वहीवर उलटा करायचात. जेवढे खडे, तेवढे पंख्या. “ही मनी मोजणी,” असं म्हणायचात.

माझ्या वहीत त्या सकाळी एक असायचा, फार तर दोन, आणि वहीवर तुमचे मूठभर खडे. मी म्हणायची, डोळ्यावर ऊन आल्यावर तुम्हाला दिसतं तरी काय? तुम्ही म्हणायचात, “डोया बारीक कर, दिखस.” मला वाटायचं, म्हाताऱ्याला वाळवंटात मृगजळ दिसतं तसं हे आहे. एकच सरडा तुम्ही तीनदा मोजत असाल. शिवाय तुमची मोजणी पद्धतीत बसत नव्हती. मी खडे झटकून टाकायची आणि भाकरी तोडायची. आबा, तीन उन्हाळ्यांत तुमचा एकही आकडा मी वहीत घेतला नाही. कडेला पेन्सिलीने टिपून ठेवला असता तरी काय बिघडलं असतं! ह्याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं, भांडणापेक्षाही.

आणि ते भांडण व्हायचंच होतं. त्या पट्ट्यावर झाडं लावायची असं गावाने ठरवलं होतं. चांगल्या मनानेच ठरवलं होतं. उघडी वाळू बघितली की आपल्या माणसाचे हात शिवशिवतात, हिरवं काहीतरी लावावं वाटतं. वरच्या कार्यालयाने विचारलं की तिथे नोंद घेण्यासारखे जीव आहेत का, आणि तिथे तीन उन्हाळे मोजणी करणारी मीच होते. मी अहवाल लिहिला. पट्ट्यावर सरड्यांचं अस्तित्व नगण्य आहे, असं त्यात होतं. हे लिहिताना मला आनंद झाला नव्हता, एवढं तरी माना. उघड्या वाळूवर जगणारा हा जीव सावली पडली, झुडूप माजलं की तिथून जातो, हे मला माहीत होतं. पण तो नाहीच म्हटल्यावर कशाला वाचवायचं? वहीत जे होतं ते मी लिहिलं. शेवटी सहकार्य म्हणून तुमचं नाव घातलं आणि मोठ्या हौसेने तुम्हाला वाचून दाखवायला आले.

तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. ‘नगण्य’चा अर्थ विचारलात. मी सांगितला. मग म्हणालात, “मना नाव काढी टाक.”

मला वाटलं, थट्टा. तुम्ही म्हणालात, “जे शे ते तू देखं नही, नि नही म्हनीसन लिखी दिन्हं. त्यामा मना नाव नको.”

मी भडकले. मला राग यायला वेळ लागत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं की तीन वर्षं घाम मी गाळलाय, खिशात खडे भरणं म्हणजे शास्त्र नाही. देवाधर्माच्या गोष्टींवर अहवाल लिहिता येत नाहीत, असंही म्हटलं. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. तुम्ही उठलात, टोपी झटकलीत आणि गोठ्याकडे निघून गेलात. मी खोलीवर येऊन तुमचं नाव खोडलं आणि अहवाल पाठवला. तुमचं नाव नसलेला तो माझा पहिला कागद.

दहा महिन्यांत मी तुम्हाला तीनदा फोन लावायला घेतला. दर वेळी वाटायचं, आधी त्यांनी करावा. तुम्हीही असंच म्हणत बसला असाल, याची मला खात्री आहे. मग एका दुपारी तुमच्या गोकुळचा फोन आला. तुमचा धाकटा, तुमच्यासारखाच कमी बोलणारा. “मॅडम, आबा गयात,” एवढंच म्हणाला. सकाळी चहा पिऊन आडवे झालात ते उठलाच नाहीत. कोणाला त्रास दिला नाहीत. मला मात्र दिलात.

मी दशक्रियेला आले तेव्हा नदीच्या पात्रात माणसं होती, घरात अक्का होत्या. मी त्यांच्यापाशी बसले. रडून झालं, मग आम्ही तुमच्या खोड्या काढायला लागलो, कारण त्याशिवाय तुमच्याबद्दल बोलताच येत नाही. मी म्हटलं, “अक्का, आबा शेवटपर्यंत सूर्याला पाठ द्यायचे नाहीत. देवावर केवढी श्रद्धा होती त्यांची.”

अक्का म्हणाल्या, “कोनता देव वं? त्यानी जल्ममा कधी हात जोडात नही. आते वाडीमा रातले कोल्हा ई गया का, साळिंदर ई गया का, ते सकायले देखाले नको का? ऊन समोर ऱ्हायनं ते रेतीमा ठसा उठस. पाठवर ऊन लिधं ते आपलीच सावली दिखस.”

रात्री वाडीत येऊन गेलेल्या कोल्ह्याचा वाळूवरचा ठसा म्हणजे उथळ खळगा. समोरून तिरपं ऊन आलं की त्याची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि तो उठून दिसतो. पाठीवर ऊन घेतलं की सगळी वाळू सपाट. हे शाळेतल्या पोराला समजेल, मला समजलं नव्हतं. कारण तुम्ही ‘चालानं नही’ म्हणालात आणि मी त्यात घंटा आणि उदबत्ती ऐकली. शहरातून आलेल्या शिकलेल्या बाईला गावातल्या म्हाताऱ्याच्या तोंडचं ‘नही’ फक्त देवासाठीच असतं असं वाटलं. तुम्हाला कामाची रीत माहीत होती, आबा. आणि मी तुम्हाला देवभोळे ठरवून मोकळी झाले होते.

मी धुळ्याला परत गेलेच नाही. कॉलेजात रजा कळवली, भडगावची जुनी खोली पुन्हा घेतली आणि दुसऱ्या सकाळी बांधाने वळसा घालून बाभळींपाशी गेले, तुम्ही जायचात तशी. उन्हाकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं, काही दिसेना. मग डोळे बारीक केले.

पहिला पंख्या मला पंधरा पावलांत दिसला. दगडावर उठला होता आणि त्याने पंखा उघडला तेव्हा मागून ऊन त्यातून आरपार आलं. निळा रंग पेटल्यासारखा दिसला. इतक्या वर्षांत मी तो पंखा उघडताना शेकडो वेळा पाहिला होता, पण पेटलेला कधीच नाही, कारण ऊन कायम माझ्या बाजूला होतं. पुढे अजून एक. त्याच्या पलीकडे दोन, एकमेकांना पंखे दाखवून भांडणारे. माद्या त्यांच्या आजूबाजूला, वाळूवर बारीक पावलांच्या ओळी. मी मोठ्याने “आबा!” म्हटलं. मग आठवलं.

अर्थात मी मी आहे. एका सकाळच्या मोजणीवर विश्वास ठेवणारी नाही. आठ सकाळी मोजलं, एक दिवस तुमच्या बाजूने, एक दिवस माझ्या बाजूने. माझ्या बाजूने चाललं की माझी सावली माझ्या कितीतरी पुढे वाळूवर पसरते, मी पोहोचायच्या आधी ती पोहोचते आणि पंख्या तिला बघूनच बिळात जातो. मी तिथे जाते तेव्हा वाळू रिकामी असते आणि मी वहीत शून्य लिहिते. तीन उन्हाळे मी सरड्यांना आधी पळवत होते आणि मग ते नाहीत अशी नोंद करत होते. तुमच्या बाजूने चालले त्या प्रत्येक सकाळी वहीचं पान अपुरं पडलं.

नवा अहवाल मी त्याच आठवड्यात लिहायला घेतला. जुना चुकीचा आहे आणि चूक माझी आहे, हे पहिल्या वाक्यात लिहिलं. तुमचं नाव घातलं, आणि ह्या वेळी सहकार्यात नाही, निरीक्षकांमध्ये, माझ्या आधी. तुम्हाला विचारलं नाही. काढायचं असेल तर या आणि काढा.

पण अहवाल वर पोहोचेपर्यंत खड्डे खाली पोहोचले होते. नवव्या सकाळी बांधावर गेले तर पट्ट्याच्या मध्यावर ओळीने चाळीस खड्डे खणलेले, आणि गोकुळ टेप धरून उभा. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठराव करायचा आणि लगेच रोपं लावायची, असं त्याने सांगितलं. उन्हाळाभर पाणी घालायची जबाबदारीही त्याने घेतली होती. त्याचे डोळे सुजलेले होते, रात्री झोपला नसावा. म्हणाला, “आबाना नावनं वन करतस, मॅडम. त्यासले ही जागा लई आवडे.”

मला त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुमच्या पोराच्या हातातून बापाच्या नावाचं झाड कसं काढून घेऊ? आणि कोणत्या तोंडाने? तिथे काही नाही हे मीच लिहिलं होतं. मी फक्त “चांगलं आहे” असं काहीतरी पुटपुटले आणि खोलीवर आले. दोन दिवस जेवण गेलं नाही. तुमच्या नावानेच तुमचा पट्टा बुजणार होता, आणि माझ्या अहवालाने. गप्प राहिले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. माझी अब्रूही राहिली असती.

आज सकाळी सातला झेंडा झाला आणि लगेच शाळेच्या पडवीत ग्रामसभा बसली. सरपंचबाईंनी विषय वाचला. मी बाहेरची, मला बोलायचा हक्क नाही; परवानगी मागून उभी राहिले. म्हटलं, “मी लिहून दिलं होतं की वाळूवर काही नाही. ते खोटं निघालं. आबा मला तीन वर्षं सांगत होते, मी ऐकलं नाही. आबा बरोबर होते. तिथे झाडं लावली तर आबांनी जे मोजलं ते सगळं जाईल.”

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, “झाड लावाले कोनी ना म्हनस का?” काही जण हसले. गोकुळ हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि त्याचा आवाज चढला. आजवर मी तो चढलेला ऐकला नव्हता. “मॅडम, तुम्हीच सांगं ना आठे काही नही? आते मी बापना नावनं झाड लावाले उठनू, ते तुम्ही म्हनतस बठ्ठं चुकनं? बाप व्हता तवय त्याना शब्द ऐका नही, आते ऐकाले उनात?”

खरं होतं ते. मी म्हटलं, “हो. उशीर झाला. पण ऊन अजून तिरपं आहे, गोकुळभाऊ. आत्ता चला. तुम्हाला दिसलं नाही तर पहिलं रोप मी लावीन.”

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. त्याच्यामागे सरपंचबाई, ग्रामसेवक, पाच-सात बायका आणि माणसं. अक्काही आल्या, पदर डोक्यावर ओढून. मी सगळ्यांना बांधाने फिरवून बाभळींकडे नेलं. गोकुळला पुढे केलं आणि म्हटलं, सावकाश चला, डोळे बारीक करा. बाकीच्यांना मागेच थांबवलं.

तो चालला. आबा, तो तुमच्यासारखाच चालतो, उजवा पाय जरा बाहेर टाकत. वीस-एक पावलं गेला आणि थांबला. पुढे, पहिल्या खड्ड्याच्या उकरलेल्या मातीच्या ढिगावर एक पंख्या चढून बसला होता. खड्डा खणून गावाने त्याला आयती उंच जागा करून दिली होती. त्याने पुढच्या पायांवर अंग उचललं आणि पंखा उघडला. ऊन त्यातून आलं. मिटला. परत उघडला.

गोकुळ होता तिथेच वाळूत बसला आणि रडायला लागला, मोठ्याने, तोंडावर हातसुद्धा न घेता. अक्का नंतर म्हणाल्या की तुम्हाला अग्नी देतानासुद्धा तो रडला नव्हता. मी त्याच्याजवळ गेले नाही. त्याला धीर देणं मला जमलं नसतं. अक्का गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

शांत झाल्यावर त्याने वर बघून आईला विचारलं, “माय, मंग आठे बापनं काय ऱ्हाई?”

अक्का म्हणाल्या, “झाडले पानी घालनं पडतं, ते मीच घालतू. रेतीले काय लागस? ऱ्हाऊ दे तशीच. त्यानीच शे ती.”

रोपं आता शाळेच्या रस्त्याला लागतील. दोघा-तिघांना अजून हे पटलेलं नाही आणि ते पुढच्या सभेत बोलणार आहेत. बोलू देत, मीही येईन. खड्डे बुजवायला दुपारपासून सुरुवात झाली, पंख्याचा ढीग तेवढा गोकुळने राहू दिला आहे. तुमची मला फार आठवण येते आहे, आबा. भांडायला दुसरं माणूस मिळेलही, पण तुमच्यासारखं बरोबर असूनही गप्प बसणारं कुठे मिळणार? एकदा तरी माझा हात धरून मला उन्हाकडे वळवायला हवं होतं. मी शिव्या घातल्या असत्या, पण वळले असते.

आम्ही परत पडवीत आलो तेव्हा ग्रामसेवक पेन उघडून बसले होते. स्मृतिवनाचा विषय खोडून काय लिहू, असं त्यांनी गोकुळला विचारलं. त्याने सांगितलं ते त्यांनी सरकारी मराठीत उतरवून घेतलं आणि उभं राहून वाचून दाखवलं: “आबांच्या स्मरणार्थ सदर जागा आहे तशीच ठेवण्यात यावी.” मी तेव्हापासून हे पान लिहिते आहे, पण तुमच्याबद्दल याहून खरं वाक्य मला जमलेलं नाही.